शिकार राजाची, माग पारध्याचा. मग मजुरी कुणाची? शाहू महाराजांनी हा हिशोब कसा सोडवला

चित्ता म्हटलं की आता आपल्याला कुनो आठवतं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते विमानाने आले, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं.

पण चित्त्याचं नाव महाराष्ट्र सरकारच्या एका यादीत फार आधीपासून आहे. अनुसूचित जमातींची यादी काढून बघा. त्यात पारधी या नोंदीखाली पोटनावं आहेत: फासेपारधी, लंगोली पारधी, बहेलिया, शिकारी, टाकणकर आणि चक्क 'चिता पारधी'.

चित्ता देशातून संपला, पण त्याला पकडणाऱ्या, माणसाळवणाऱ्या, शिकारीला नेणाऱ्या लोकांचं नाव कागदावर राहून गेलं. त्यातले बरेच लोक आपल्या अकोला-अमरावतीकडचे. टाकणकर म्हणजे जात्याला टाकी लावणारे. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना ते चांगले आठवत असतील.

राजेरजवाड्यांच्या शिकारीचे फोटो आपण खूप पाहिलेत. मेलेल्या वाघावर पाय, हातात बंदूक, शेजारी गोरा साहेब. फोटोच्या कडेला, बहुतेक वेळा अर्धाच आलेला, एक माणूस उघड्या पायाने उभा असतो. वाघ कुठे आहे ते त्याला माहीत होतं. त्याला त्या दिवसाचे किती पैसे मिळाले, हे फोटोखाली लिहिलेलं नसतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांची गोष्ट एरवी आपण आरक्षणापासून सुरू करतो. आज ती या उघड्या पायाच्या माणसापासून सुरू करू.

आधी पारध्याचं काम समजून घेऊ

फासेपारध्याचं हत्यार म्हणजे फास. जमिनीत खुंट्या ठोकायच्या, त्यांना बांधलेल्या दोऱ्यांचे फास हरणाच्या वाटेवर मांडायचे आणि कळपाला हळूहळू तिकडे वळवायचं. धावपळ केली की कळप उधळतो, म्हणून पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने चालत जायचा. काळवीट माणसाला बिचकतं, चरत येणाऱ्या बैलाला बिचकत नाही. तितराचा, लाव्याचा आवाज काढून पाखरू जाळ्याजवळ आणायचं, ही आणखी वेगळी विद्या.

चित्ता धरणं त्याहून अवघड. शिकारीसाठी पिल्लू उपयोगाचं नव्हतं, कारण आईकडून शिकार शिकलेला मोठा चित्ताच लागायचा. चित्ते काही ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, खोडावर नखं घासतात. पारधी ते झाड हेरायचे, भोवती फास लावायचे आणि वाट बघायचे. पकडलेल्या जनावराला माणसांची, आवाजाची, बैलगाडीची सवय लावण्यात पुढचे कित्येक महिने जायचे. चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी, कमरेला पट्टा. गाडीतून कळपाजवळ न्यायचं, टोपी काढायची, काळवीट दाखवायचं आणि सोडायचं. पुढचा खेळ काही सेकंदांचा. चित्त्याने मान धरली की त्याचा राखणदार पळत पोचायचा, त्याला त्याचा वाटा द्यायचा आणि पुन्हा टोपी चढवायचा. या राखणदारांना चित्तेवान म्हणत.

या सगळ्यात शिकार बघणाऱ्या राजाचं काम किती आणि या माणसांचं किती, ते तुम्हीच ठरवा.

मग पैसे कसे ठरायचे?

खरं सांगायचं तर ठरायचेच नाहीत.

जंगलातल्या मोठ्या शिकारीला हाकारे लागायचे. गावातली शे-दोनशे माणसं ओळीने डबे, ढोल वाजवत रान उठवायची. त्या माणसांना बोलावणं नव्हतं, हुकूम होता. याला वेठ म्हणायचे. राजाचा मुक्काम असो, मामलेदाराचा दौरा असो की साहेबाची शिकार, सामान वाहायचं, लाकूडफाटा आणायचा, घोड्याला वैरण आणायची, रान हाकायचं. मजुरी एक तर शून्य, नाही तर वाटेत हातावर टेकवलेलं काहीतरी.

माग काढणाऱ्याची गत थोडी बरी, कारण त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. पण त्यालाही मिळायची ती बक्षिसी. जनावर मिळालं तर साहेब खूश, बक्षीस. नाही मिळालं तर चार दिवस उपाशीपोटी तुडवलेलं रान फुकट गेलं. थोडक्यात शिकारीतला सगळा तोटा मागकाढ्याच्या अंगावर आणि फायदा देणाऱ्याच्या मर्जीवर. आज ॲपवर गाडी चालवणाऱ्या पोरांना हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

बरं, मग त्याने भाव का वाढवून मागितला नाही?

कारण भाव मागायला आधी नाही म्हणता यावं लागतं. पटत नसेल तर मी चाललो दुसरीकडे, असं म्हणण्याची सोय लागते. आणि नेमकी तीच सोय या लोकांना नव्हती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यासारख्या प्रांतांनाही लागू करण्याची वाट मोकळी झाली. माणूस जन्मला की गुन्हेगार. संस्थानं आणि गावं यांची वेगळीच तऱ्हा होती, तिला हजेरी म्हणायचे. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या लोकांनी रोज गावच्या चावडीवर जाऊन आपण गावात असल्याचं दाखवायचं. परगावी जायचं तर परवानगी हवी.

ज्याला रोज संध्याकाळी चावडीवर उभं राहायचंय, तो शेजारच्या गावात जादा मजुरीवर जाणार कसा?

कागलच्या घाटग्यांचा मुलगा

आता महाराजांकडे येऊ. २६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्मले. वडील आबासाहेब म्हणजे जयसिंगराव घाटगे. १७ मार्च १८८४ ला, वयाच्या दहाव्या वर्षी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हाती आला. वय वीसही पूर्ण नव्हतं.

पुढची मोठी कामं शाळेच्या पुस्तकात असतात, म्हणून भरभर सांगतो. १८९९ चं वेदोक्त प्रकरण. २६ जुलै १९०२ ला मागासवर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं, १९०६ ची शाहू मिल, राधानगरीचं धरण, १९१२ चं खासबाग कुस्ती मैदान, १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण.

यातलं काहीही लहान नाही. पण पुस्तकात फारसं न येणारी गोष्ट अशी की हा माणूस अव्वल दर्जाचा शिकारी होता. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार, चित्त्याकडून काळविटाची शिकार, दाजीपूरच्या रानात मोठ्या जनावरांची शिकार. दाजीपूर-राधानगरीचं हे शिकारीचं रान पुढे १९५८ मध्ये गव्यांसाठी राखीव झालं आणि राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य ठरलं.

शिकारीचं कौतुक करायचा हेतू नाही. त्या काळच्या शिकारीने जंगलं किती रिकामी केली ते आपल्याला माहीत आहे. पण शिकारीने महाराजांच्या बाबतीत एक केलं. इतर राजे ज्यांना चावडीच्या यादीतली नावं म्हणून ओळखायचे, त्या लोकांना हे रानात, कामावर असताना बघत होते. ज्याला इंग्रजांची कागदपत्रं जन्मजात चोर म्हणत, तो मातीवरचा खूर बघून जनावर कधी गेलं ते सांगतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

चोराच्या हातात पहारा

फासेपारध्यांच्या टोळ्या तेव्हा गावोगाव फिरायच्या. शिकार कमी पडली की शेतातलं धान्य जायचं, तक्रारी यायच्या, पोलीस यायचे, पुरुष तुरुंगात जायचे आणि बायका-पोरं अजून उपाशी पडायची. पुन्हा चोरी.

शाहू महाराजांनी या लोकांना कोल्हापूरजवळ वसवलं. राहायला जागा दिली, काम दिलं. रानाची जाण असलेल्यांना शिकारीच्या बाजूचं काम होतं, बाकीच्यांना अंगमेहनतीचं. पण सगळ्यांत जास्त गाजली ती गोष्ट वेगळीच. त्यांनी पारध्यांना पहारेकरी नेमलं. सोनतळीच्या कॅम्पवर, जिथे महाराज स्वतः मुक्कामाला असायचे, तिथे ज्यांच्या नावाने लोक दाराला कडी लावायचे तेच राखणीला उभे.

दरबारातल्या लोकांना हे वेडेपण वाटलं असेल तर नवल नाही. पण नीट बघितलं तर हा व्यवहार फार शहाणा होता. रात्री आवाज न करता फिरणं, काळोखात माणसाची चाहूल ओळखणं, जागं राहणं हे सगळं त्या माणसाला आधीपासून येतंच होतं. फरक इतकाच की आता त्याच गुणाचा पगार मिळू लागला.

आणि पगार व बक्षिसी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहाऱ्याचा पगार चोर आला तरी मिळतो, नाही आला तरी मिळतो. जोखीम कामावर ठेवणाऱ्याची, मेहनत कामावर असणाऱ्याची. महिना संपला की पैसे येणार हे माहीत असेल तर माणूस एका जागी चूल मांडतो, पोरगं शाळेत घालायचा विचार करतो. पारध्यांच्या स्थिर होण्याची सुरुवात अशी झाली.

हीच रीत त्यांनी इतर ठिकाणीही चालवली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना हत्तीचे माहूत, गाड्यांचे चालक, तलाठी अशा जागांवर घेतलं. वकिलीच्या सनदा दिल्या. यातला हत्तीचा माहूत मला सगळ्यांत धाडसी वाटतो. तलाठी कचेरीत बसतो, माहूत मात्र भर बाजारातून सगळ्यांच्या डोक्यावरून जातो.

नोकरीपेक्षा दुकान बरं

गंगाराम कांबळेंचा किस्सा बऱ्याच जणांनी वाचला असेल, तरी इथे तो सांगावाच लागतो. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल तिथल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज गावी नव्हते. परतल्यावर गंगाराम सोनतळीला जाऊन भेटले, पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडलं.

इथपर्यंत गोष्ट राजाच्या न्यायाची झाली. पुढचा भाग महत्त्वाचा. महाराजांनी गंगारामना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल सुरू झालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराजांची गाडी तिथे थांबू लागली. महाराज प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे.

ज्याच्या हाती स्वतःचा गल्ला आहे, त्याला पागेतल्या कुणाची मर्जी सांभाळायची गरज उरत नाही. मजुरीच्या वाटाघाटीतली ही खरी ताकद, आणि ती महाराजांना नेमकी कळली होती असं वाटतं.

खामगाव, मग १९१८ चं वर्ष

१९१७ च्या डिसेंबरमध्ये महाराज आपल्या वऱ्हाडात आले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला अखिल भारतीय मराठा शिक्षण परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. कापसाच्या या मोठ्या बाजारपेठेत कोल्हापूरचा राजा शिक्षणावर बोलायला आला, याचं अप्रूप त्या भागात मोठं होतं.

त्यानंतरचं वर्ष महाराजांच्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वर्ष. जून १९१८ मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव, राजकुमार शिवाजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. ऐन विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा. जो खेळ बापाने आयुष्यभर जिवापाड जपला, त्याच खेळात मुलगा गेला. शिवाजींचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मागे राहिल्या इंदुमतीदेवी, वयाने अजून लहान मुलगी. राजघराण्यातल्या बालविधवेने पडद्याआड आयुष्य काढायचं, ही रीत. महाराजांनी घरातल्यांचा विरोध पत्करून सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली.

आणि याच १९१८ मध्ये संस्थानात काही हुकूम निघाले. महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद झाली. महार वतनाची पद्धत मोडून जमिनी त्यांच्या नावावर रयतावा करण्यात आल्या.

वतन मोडणं म्हणजे वाईट केलं, असं कुणाला वाटेल. वतन तर मिळकत ना? पण ही मिळकत फार महागात पडायची. जमिनीचा एक तुकडा, तोही सगळ्या भावकीत मिळून, आणि त्याच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणीही, कधीही, काहीही काम सांगावं. सारा वसूल होताना बोलावून आणायचं, सरकारी थैली वाहायची, मेलेलं ढोर ओढायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. कामाचे तास नाहीत, कामाची यादी नाही. जमीन स्वतःची झाली आणि नोकरीचा जू मानेवरून उतरला, की तोच माणूस मजुरीला जाताना भाव विचारू शकतो.

शिकारीचं निमित्त

२१ आणि २२ मार्च १९२० ला कागलजवळच्या माणगावात अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते एक तरुण प्राध्यापक, डॉ. भीमराव आंबेडकर. महाराज तिथे पोचले ते शिकारीच्या निमित्ताने.

हे भाषण माझ्या मते महाराजांच्या मजुरीविषयक विचारांची किल्ली आहे. आंबेडकरांच्या रूपाने या लोकांना त्यांचा पुढारी मिळाला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच भाषणात त्यांनी हजेरी का बंद केली तेही उलगडून सांगितलं. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशोबाचा होता. हजेरीचा धाक दाखवून गावकामगार या लोकांना फुकट राबवून घेतात, स्वतंत्र मजुरी करू देत नाहीत. गुन्हे रोखण्यासाठी म्हणून सुरू झालेली पद्धत प्रत्यक्षात बिनपैशाच्या मजुरांचा पुरवठा करणारी यंत्रणा होऊन बसली होती.

ज्या राजाच्या शिकारीलाही कधीकाळी असेच फुकटचे हात लागले असतील, त्याने हे बोलावं याला वजन आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९२० मध्ये, कोल्हापूर संस्थानात वेठ बंद करण्याचा हुकूम निघाला. कुणाकडून काम करून घ्यायचं तर मजुरी द्यायची. वाचायला एका ओळीचा नियम, पण गावच्या पाटील-कुलकर्ण्यापासून वरच्या अंमलदारापर्यंत प्रत्येकाच्या रोजच्या आरामाला त्याने हात घातला. असे हुकूम एका दिवसात पाळले जात नाहीत. तरी आधी फुकट राबणाऱ्याकडे दाखवायला कागदच नव्हता, आता होता.

मे १९२० च्या अखेरीस नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तिच्या अध्यक्षपदी शाहू महाराज होते. विदर्भातले कार्यकर्ते तिथे मोठ्या संख्येने जमले. आंबेडकरांच्या 'मूकनायक' पाक्षिकाला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तीही याच वर्षातली.

६ मे १९२२ ला मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. पुढे कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभं करायला जे लोक धडपडले, त्यांत चहाचं हॉटेल चालवणारे गंगाराम कांबळे सगळ्यांत पुढे होते.

चित्ते गेले, पारधी राहिले

महाराजांनंतरही कोल्हापूरचा चित्त्याचा नाद सुटला नाही. हिंदुस्थानातला चित्ता तोवर इतका दुर्मीळ झाला होता की आफ्रिकेतून आणावा लागायचा. १९१८ ते १९४५ या काळात देशात सुमारे २०० चित्ते आयात झाले आणि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूर आणि भावनगर ही दोन संस्थानं. १९४७ च्या सुमारास कोरियाच्या महाराजांनी (ही आपल्या छत्तीसगडमधली कोरिया रियासत) तीन चित्ते मारले, ते भारतातले शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

योगायोग बघा, त्याच १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कोल्हापूरच्या हजेरीबंदीनंतर तब्बल ३४ वर्षांनी.

पण कायदा रद्द झाला तरी काम कुठे होतं? संस्थानं विलीन झाली, शिकारखाने बंद पडले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद केली. कायदा हवाच होता, तो नसता तर कारंजा-सोहोळच्या माळावर आज काळवीट दिसलं नसतं. फक्त ज्यांचं पोट फासावर होतं, त्यांना बदल्यात कोणतं काम द्यायचं, हे कुणी ठरवलं नाही. शाहू महाराजांनी ५० हून अधिक वर्षं आधी ज्या प्रश्नाचं उत्तर पगारी नोकरीने दिलं होतं, तो प्रश्न स्वतंत्र देशात तसाच राहिला.

अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा नावाचं गाव आहे. तिथे फासेपारध्यांच्या मुलांसाठी एक शाळा चालते. स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी पोरं तिथे आणून शिकवली. शाळेचं नावच 'प्रश्नचिन्ह'. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेचा काही भाग पाडला गेला आणि तेव्हा ती बातम्यांत आली.

दुसरीकडे मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वेगळा प्रयोग झाला. एकेकाळी ज्यांच्या फासात वाघ सापडले त्याच पारधी समाजातले तरुण तिथे पर्यटकांना रानात पायी फिरवतात. पावलाचा ठसा दाखवतात, पाखराचा आवाज काढून दाखवतात, आणि त्याचे पैसे घेतात. पाहुणा खूश होऊन देईल ती बक्षिसी वेगळी.

आपल्याकडे मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. सेमाडोहला, कोलकासला किंवा अकोटकडून शहानूरच्या गेटवर गेलात तर जिप्सीत पुढे एक कोरकू पोरगा बसतो. सकाळच्या थंडीत तो गाडी थांबवायला सांगतो, खाली वाकून मातीकडे बघतो आणि वाघीण पिल्लांसकट कधी गेली ते सांगतो. गाइडचे पैसे तिथे ठरलेले असतात, पावतीवर छापलेले. वाघ दिसला नाही तरी ते द्यावे लागतात.